उभा जावई

जावई या प्राण्यात आपणहून उभा राहणारा मी एकच पाहिला, तो माझ्या बहिणीचा. बाकीचे जावई दारातून आत आले की आधी बसतात, मग पाण्याची वाट पाहतात. हा मात्र रोज सकाळी दहा वाजता लॅपटॉप फळीवर ठेवून त्याच्यासमोर पंधरा मिनिटं ताठ उभा असे. मूळचा आमच्याच वाशीम जिल्ह्यातल्या केनवडचा, नोकरी पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीत. बायको बाळंतपणाला वाशीमला माहेरी आली, तर तिच्या मागोमाग हाही आला आणि घरून काम चालतं म्हणून वर्षभर राहिला. आम्ही दोघी विधवा बहिणी, घरामागे वांगी-मेथीचे वाफे. तान्हं बाळ आणि पुरुष माणूस दोन्ही घरात एकदम आले. रात्रीचा आवाज दोघांचा सारखाच.

त्याचं काम समजायला मला महिना लागला. मी चौथी शिकलेली, पण समजलं ते सांगते. पूर्वी त्याच्या कंपनीत वर्षभर दार लावून प्रोग्राम बनवत आणि शेवटी दाखवत. तेव्हा गिऱ्हाईक म्हणे, हे मी मागितलंच नव्हतं. आता नवी पद्धत आली होती, तिला तो अजाइल म्हणे. दर पंधरा दिवसांनी थोडं करून दाखवायचं, चुकलं तर तिथूनच वळायचं, आणि रोज सकाळी प्रत्येकाने उभ्याने सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. उभं का, तर पाय दुखले की माणूस कमी बोलतो. आठ जणांना हे शिकवायला त्याला नेमलं होतं. सहा महिन्यांत जमलं तर ठीक, नाहीतर पद्धतही बंद आणि त्याची नोकरीही.

पण सासुरवाडीत जावई उभा कसा राहणार? बहीण रोज खुर्ची आणून त्याच्या गुडघ्यामागे लावी. “अवो जावईबापू, बसा ना. लोक म्हनतीन, सासूनं खुर्ची देली नाही.” तो म्हणे, “आई, ही मीटिंग उभ्याचीच असते.” “मंग पाट देऊ का?” पुण्यातली आठही माणसं हे ऐकत. एकदा खुर्ची जरा जास्तच पुढे आली, हा धपकन बसला आणि पडद्यावर नुसतं टक्कल उरलं.

बैठकीच्या भिंतीवर त्याने तीन रकाने आखले, करायचं, चालू, झालं, आणि त्यात पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पुढे घरच्याही चिठ्ठ्या लागल्या. ‘बाळाचे लंगोट’ ही चिठ्ठी दिवसातून नऊ वेळा ‘झालं’मधून परत ‘करायचं’मध्ये जाई. दर पंधरवड्याला तो आम्हाला बसवून विचारी, काय चांगलं झालं, काय बदलायचं. बहीण म्हणे, “सारं चांगलं हाय.” मी म्हणे, “तुमी आंघोळीले सारं गरम पानी संपवता.” तो खूश होऊन लिहून घेई आणि दुसऱ्या दिवसापासून एका बादलीत भागवी. स्वतःची चूक ऐकून एवढा आनंदणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला रोज सकाळी दारात गाठून विचारी, “मावशी, अडचण काय?” मीही सांगे. गुडघा, शेजारीण, वांग्यावरची कीड, त्याचं घोरणं.

त्याच्या माणसांना मात्र अडचणच नसे. चार महिने आठही जण रोज म्हणत, “काही नाही,” आणि पंधरवड्याच्या शेवटी अर्धं काम अडकलेलं सापडे. त्याचं जेवण कमी झालं. एका दुपारी मी वांगी निवडत होते, तर येऊन बसला. “मावशी, लोक मले खरं काहून सांगत नाहीत?”

“तुमी घोरता, हे या घरात माह्याबिगर कोनी सांगतलं?”

“नाही.”

“कसं सांगतीन? तुमी पडले जावई. जावयासमोर घरात सारं चांगलंच असते. तुमच्या मीटिंगमंदी असा कोनी जावई येऊन बसते का?”

त्याने टोपलीतलं एक वांगं उचलून पाहिलं. मग म्हणाला, “मोठे साहेब असतात. पण ते काही बोलत नाहीत, नुसतं ऐकतात.”

“जावई तरी कुठं बोलते?”

साहेबाला ‘तुम्ही येऊ नका’ म्हणणं सोपं नव्हतं. तरी त्याने फोन लावला. सकाळी आम्हाला बोलू द्या, पंधरवड्याला काम पाहायला या, एवढंच तो तीन वेळा म्हणाला. साहेब म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. मग एक मुलगी म्हणाली, “सर, एक अडचण आहे. दोन महिन्यांपासून.” त्या दिवशी पंधरा मिनिटांची मीटिंग दीड तास चालली आणि बहिणीच्या खुर्चीवर तो आपणहून बसला.

पद्धत जमली. इतकी जमली, की एकदा आमची लाइट गेली तर त्याच्या माणसांनी त्याच्यावाचून मीटिंग उरकली. “हेच तर पाहिजे होतं, मावशी,” तो हसून म्हणाला, पण दिवसभर बाळाला खांद्यावर टाकून अंगणात फिरत राहिला. लवकरच कंपनीने त्याला दुसरी माणसं शिकवायला पुण्याला बोलावलं.

जायच्या सकाळी ऑटो दाराशी होता. बायको बाळाला घेऊन आत बसली होती, बहीण रडत रडत डबे बांधत होती. त्याने भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या, खिशात ठेवल्या आणि सवयीने माझ्यासमोर दारात उभा राहिला.

“मावशी, अडचण काय?”

वर्षभरात या माणसाशी मी एकदाही खोटं बोलले नव्हते.

“काही नाही, जावईबापू,” मी म्हणाले. “बसा ऑटोत.”