सगळे घरचेच

रंगांच्या दुकानात छटा जुळवून देणाऱ्या त्या गृहस्थांना अख्खी पेठ छटाराव म्हणे. हे नाव कौतुकाने पडलेले नव्हते. ‘पांढरा द्या’ एवढे साधे वाक्य घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ‘कुठला पांढरा?’ असे विचारून, दुधाचा, शिंपल्याचा, हस्तिदंताचा आणि धुतलेल्या चादरीचा पांढरा यांतील भेद उलगडून सांगत, अखेर त्याला वैतागून शेजारच्या दुकानात जायला भाग पाडण्याची जी हातोटी त्यांना साधली होती, तिचे ते फळ होते.

स्वतः छटारावांच्या तोंडात कुठला पांढरा आहे, हे मात्र त्यांना कुणी विचारले नाही. विचारले असते, तरी तिथे पांढरा असा नव्हताच. मिसरूड फुटल्यापासून ओढलेल्या सिगारेटींनी दातांच्या मुळाशी तपकिरी आणि टोकांशी मळकट पिवळा असा पक्का हात मारून ठेवला होता. त्यामुळे छटाराव ओठ मिटून, नाकातून हसत. दुकानात फारच हसू आले, तर हातात असेल ते डब्याचे झाकण तोंडासमोर धरत. त्यांची पत्नी इस्पितळाच्या चौकशी-खिडकीवर बसे आणि तिथले एकेक किस्से असे रंगवून सांगे, की ऐकणाऱ्याच्या मुरकुंड्या वळाव्यात. फक्त तिचा नवरा तेवढा ओठ घट्ट मिटून, सर्दी झाल्यासारखा फुसफुसत बसलेला असे.

वर्षापूर्वी त्यांनी सिगारेट सोडली. जिन्याचा एक मजला चढून दम लागला आणि वरून उतरणाऱ्या म्हाताऱ्याने ‘बसा थोडं, आजोबा’ म्हटले, हे कारण पुरेसे झाले. व्यसन सोडणाऱ्याचे कौतुक जग दोन दिवस करते. तिसऱ्या दिवसापासून त्याच्या चिडचिडीची निंदा सुरू होते. छटारावांनी ती निंदाही सोसली, सुताराच्या जाड पेन्सिली चघळून त्यांचा भुगा केला, पण शब्द पाळला. एवढे करूनही दात होते तसेच राहिले. कैदी सुटला, पण गणवेश अंगावरच होता.

त्यातच मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघण्याआधी तिने एकच मागणी केली.

“बाबा, मला टेबलावर ठेवायला आपल्या तिघांचा फोटो हवाय. आणि त्यात तुम्ही हसायचं.”

“हसतो की मी.”

“तुम्ही हसता, ते फक्त तुम्हाला कळतं. घरातल्या प्रत्येक फोटोत तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी चुकून आल्यासारखे उभे आहात. मला दात दिसणारं हसू पाहिजे.”

मुलीचे जाणे छटारावांना आतून पोखरत होते. पण ते बोलून दाखवणे त्यांना त्यांच्या कुठल्याच छटेत जमत नव्हते. तिचे मागणे तेवढे पुरे करता येण्याजोगे होते. दुसऱ्याच दिवशी ते दातांच्या दवाखान्यात जाऊन बसले.

आपल्या काळातील दवाखाने हे रुग्णाला बसवून ठेवण्यासाठीच बांधलेले असतात. टेबलावर जुनी मासिके, भिंतीवर कुणाचेच नसतील इतके शुभ्र दात दाखवणाऱ्या तरुणीचे चित्र आणि काउंटरवर ‘आता दोनच मिनिटं’ हे शाश्वत वचन. छटारावांनी तो वेळ भिंतीचा रंग कुठल्या दोन रंगांच्या चुकीच्या मिश्रणातून झाला असावा, हे ताडण्यात घालवला. अखेर आत बोलावणे आले. डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवला, खरवडून साचलेला थर काढला आणि खांदा व कान यांच्यामध्ये फोन धरूनच विचारले,

“समोरचा एखादा दात बसवलेला वगैरे आहे का?”

होता. मुलीच्या जन्माच्या वेळी पत्नी माहेरी असताना छटाराव वरच्या फळीवरचा डबा काढताना शिडीवरून पडले होते. समोरचा एक दात निम्मा तुटला आणि उरलेल्यावर टोपी बसवावी लागली. ती टोपी घडवणाऱ्या कारागिराला त्यांनी अक्षरशः पिडले होते. त्याला उजेडात उभे केले, मुळाशी तपकिरी झाक मागितली, टोकाशी धुराचा पिवळा मागितला आणि ‘जरा अजून मळवा’ असे म्हणत शेवटी अशी टोपी करून घेतली, की शेजारच्या दाताने तिला सख्खी बहीण म्हणावे. पत्नी परत आली, तिलाही पत्ता लागला नाही. त्या दिवसापासून ती टोपी म्हणजे छटारावांच्या आयुष्यातील सर्वोत्तम जुळणी होती, आणि ती कुणालाच दिसत नाही हाच तिचा मोठेपणा होता.

आता या बाईंना, त्यांच्या व्यवसायात मुरलेल्या बाईंना, ती ओळखू येत नव्हती. छटारावांची छाती अभिमानाने फुगली. आपणहून सांगणे म्हणजे कलाकृतीशी द्रोह होता.

“छे हो,” ते म्हणाले, “सगळे घरचेच.”

दातांच्या मापाच्या पारदर्शक पट्ट्या मिळाल्या, त्यांत भरायची दात उजळवणारी जेल मिळाली, चहा-कॉफी टाळण्याची ताकीद मिळाली. संध्याकाळी पट्ट्या लावून छटाराव खुर्चीत बसू लागले. गार पाण्याचा घोट घेतला, की दातांतून कळ थेट टाळूला जाई. तोंड उघडता येत नसे आणि उघडले तर लाळ गळे.

“हे फार बरं झालं,” पत्नी म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा मी बोलतेय आणि तुम्ही ऐकताय.”

“अं अं,” छटाराव म्हणाले.

“हो का? माझंही तेच मत आहे.”

रोज पट्ट्या काढल्यावर ते न्हाणीघरातल्या आरशात पाहत. दात उजळत होते. आणि इथेच ती चूक झाली, जी इतर कुणी केली असती तर छटारावांनी त्याला उभे जाळले असते. ‘दिव्याखाली रंग पारखू नका, दिवा खोटं बोलतो,’ असे गिऱ्हाइकांना आयुष्यभर बजावणारा हा माणूस स्वतःचे दात मात्र न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्याखाली पारखत होता. पिवळ्या उजेडात सगळेच पिवळे एकमेकांना सांभाळून घेतात.

फोटोच्या आदल्या सकाळी ते गॅलरीत उन्हात उभे राहिले आणि कधी नव्हे ते मुलीकडे पाहून तोंडभर हसले. मुलगी आनंदाने पुढे आली. मग तिने मान तिरकी केली.

“बाबा, दातात मक्याचा दाणा अडकलाय.”

“आपण मका कधी खाल्ला?”

“मग काय आहे ते? अगदी मधोमध आहे.”

छटारावांच्या पायाखालची वाळू सरकली. आरसा घेऊन ते पुन्हा उन्हात आले. पांढऱ्याशुभ्र रांगेत ती टोपी, सुनेच्या मैत्रिणींत चुकून बसलेल्या सासूसारखी, आपला जुना रंग धरून ताठ बसली होती. जेल खऱ्या दाताला उजळवते. घडवलेल्या टोपीला तिचे सोयरसुतक नसते. त्यांची सर्वोत्तम जुळणी शाबूत होती. जिच्याशी जुळवली होती, ती रांगच निघून गेली होती.

सगळे सांगावे लागले. शिडी, डबा, कारागीर, सारे काही. पत्नीने ऐकून घेतले आणि कपाळावर हात मारला.

“म्हणजे एवढी वर्षं मी एका परक्या दाताबरोबर संसार केला!”

दवाखान्यात फोन केला. नवी टोपी करता येईल, पण आधी दातांचा रंग स्थिरावू द्यावा लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. “आणि पुढच्या वेळी विचारलं की खरं सांगा,” हेही सुनावले. मुलगी त्याआधीच जाणार होती.

दुपारी दुकानात मेहुणा आला. छटारावांनी सिगारेट सोडल्यापासून एकट्याने ओढावी लागते, हे त्याचे जुने दुःख होते.

“दाखवा बघू, भाऊजी. अरेरे! पण यात एवढं रडण्यासारखं काय आहे? एक पांढरा होत नसेल, तर बाकीचे परत पिवळे करा. अनुभव आहे की तुम्हाला!” त्याने खिशातले पाकीट काउंटरवर ठेवले. “घ्या. सालस मेहुण्याची भेट.”

तो हसत निघून गेला. पाकीट राहिले.

मेहुण्याने थट्टा केली होती. पण छटारावांच्या धंद्याचा कायदाच तो बोलून गेला होता. भिंतीवरचे ठिगळ जुळत नसेल, तर ठिगळाच्या नादी लागू नये, सगळी भिंत रंगवावी. हे ते स्वतः रोज सांगत. शिवाय मुलगी चालली होती, उद्याचा फोटो बिघडला होता आणि वर्षभराचा संयम एका मक्याच्या दाण्यापाशी येऊन हास्यास्पद झाला होता. त्यांनी पाकिटातून एक सिगारेट काढली. दुकानामागच्या रिकाम्या पिंपांपाशी जाऊन ती ओठांत धरली. तंबाखूचा वास नाकाला लागताच डोळे आपोआप मिटले. काडेपेटी हातात होती.

“कुणी आहे का?” दुकानातून आवाज आला.

छटाराव तसेच आत आले. एक बाई होत्या, हातात जुना डबा. त्याच्या झाकणावर छटारावांनीच केव्हातरी लावलेला रंगाचा ठिपका होता. जुळवलेल्या प्रत्येक डब्यावर ते नमुन्यादाखल असा ठिपका लावून देत. बाई चिडलेल्या होत्या. याच डब्यातला रंग भिंतीवर लावला तर डाग दिसतो, म्हणजे तुमचा रंग खराब निघाला, असे त्यांचे म्हणणे होते.

“रंग आहे तसाच आहे,” छटाराव सवयीने म्हणाले. “भिंत उन्हाने उजळली. आता भिंतीला परत कुणी मळवत नाही, बाई. भिंतीच्या आताच्या रंगाशी जुळवून देतो, भिंतीचा ढलपा आणा.”

“आणि तोंडात ते काय धरलंय? पेटवणार असाल तर बाहेर जा. इथे सगळं भडकायचं सामान आहे ना?”

छटारावांनी ओठांतली सिगारेट काढली. ती ओली होऊन वाकली होती. आपण आत्ताच काय बोललो, ते त्यांच्याच कानात जरा उशिरा शिरले. त्यांनी सिगारेट टर्पेंटाइनच्या डबड्यात बुडवली, पाकिटाची तीच गत केली आणि बाईंच्या भिंतीविषयी इतके सविस्तर प्रश्न विचारले, की त्या लवकरच शेजारच्या दुकानात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिघे उभे राहिले. पत्नी एका बाजूला, मुलगी दुसऱ्या. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून म्हणाला, “हं, काका, हसा.”

छटारावांचे ओठ जुन्या सवयीने चिकटले. मुलीने नुसती त्यांची बाही धरली. तेच त्यांना जड गेले. त्यांनी धीर करून ओठ अर्धवट उघडले आणि दुखरी दाढ दाखवल्यासारखा चेहरा केला.

“अहो,” पत्नी समोर बघतच पुटपुटली, “परका आत राहू दे. नुसते घरचे पुढे पाठवा.”

आणि छटाराव हसले. नाकातून नव्हे, झाकणाआडून नव्हे. मान मागे टाकून, खांदे गदगदत, घरचे आणि परके सगळे दात उजेडाला लावत ते हसले. त्या हसण्याचा आवाज कसा असतो, हे पत्नीलाही त्याच दिवशी कळले. ती वळून त्यांच्याकडे बघतच राहिली, आणि फोटोत ती तशीच आली आहे.

“तो एक दात कॉम्प्युटरवर पांढरा करून देऊ?” फोटोग्राफरने विचारले आणि करूनही दाखवला. छटाराव पडद्याजवळ गेले.

“हा पांढरा निळ्याकडे झुकलाय. माझे दात हस्तिदंताकडे आहेत. शेजारी शेजारी बघा जरा.”

“बाबा!” मुलगी म्हणाली. “मला दाण्यासकट हवाय.”

फोटो दाण्यासकट दूरच्या शहरात गेला.

पुढे नवी टोपी बसली. या वेळी डॉक्टरीणबाईंना खिडकीपाशी उभे राहून रंग ठरवावा लागला आणि त्यांनी तो फोन बाजूला ठेवून ठरवला. जुनी टोपी छटारावांनी मागून घेतली, दुकानातल्या एका रिकाम्या चिमुकल्या डब्याच्या झाकणावर, ठिपक्याच्या जागी चिकटवली आणि डबा वरच्या फळीवर मांडला.

एकदा मेहुण्याची नजर तिथे गेली. न पेटवलेली सिगारेट बोटांत फिरवत त्याने विचारले,

“भाऊजी, हा रंग मिळेल का?”

“नाही,” छटाराव दात दाखवत म्हणाले. “तो बनवायचा बंद केलाय.”