बी निघाली की मोरीवर!

सीताफळात गर कमी अन् बियाच जास्त, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या गटाचंही तसंच आहे. काम कमी अन् किस्सेच जास्त! बिया निदान उकिरड्यावर फेकता येतात, किस्से कुठे फेकणार? ते साचतच जातात. परवा रेखा म्हणाली, "काकू, हे सगळं लिहून ठेवा ना." म्हटलं, ठेवते, पण मग कोणी रुसायचं नाही. सगळ्यात जास्त फजिती माझीच झालेली आहे, तेव्हा बोलायचा पहिला हक्क माझा.

गट म्हणजे काय, आम्ही चौघी बाया. मी, माझ्या शेजारची शमीमभाभी, मागच्या गल्लीतली नवी सून रेखा, अन् सगळ्यांच्या वरताण सुभद्रामावशी. डोणगावात माझ्या घराच्या मागच्या पडवीत आमचा कारखाना. दसऱ्याच्या आसपास डोंगराकडची सीताफळं आली की ती पोत्याखाली पिकवायची, गर काढायचा, बिया वेगळ्या करायच्या अन् डबे भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे. उन्हाळ्यातल्या लग्नात तुम्ही सीताफळाची रबडी खाऊन बोटं चाटता ना, तो गर असाच कोणाच्या तरी पडवीतून गेलेला असतो.

* * *

सुरुवात माझ्या अकलेपासून.

तेव्हा गट वगैरे काही नव्हता. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. बाई म्हणत होती, गर मिक्सरमध्ये टाका, अलगद फिरवा, बिया आपोआप वेगळ्या होतात. आता "अलगद" म्हणजे किती, हे काही तिनं सांगितलं नाही. मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. घर्रर्र! आतून असा आवाज आला, जणू गिट्टी दळायला घातली.

आमच्या ह्यांना चमचाभर चाखायला दिलं. हे शाळेत क्लार्क आहेत, सही करायच्या आधी विचार करतात, खायच्या आधी करत नाहीत. तोंड कसंनुसं झालं, पण म्हणाले, "बरं झालंय की." लग्नाला वीस वर्षं झाली की नवरे असंच बोलतात.

तेवढ्यात सुभद्रामावशी आल्या. बोटाला लावून जिभेवर टेकवलं अन् लगेच अंगणात जाऊन थुंकल्या. "अवं माय! वंदे, बिया दळल्या त्वा! हे त उवा माराचं औषध हाय. पोटात नाही घालत त्याले!"

ह्यांनी आधी चमच्याकडे पाहिलं, मग आपल्या टकलावरून हात फिरवला. "मावशी, औषध वाया गेलं म्हणायचं. इथे एकही ऊ नाही!"

मावशींनी त्यांना चार वेळा चुळा भरायला लावल्या अन् सगळं भांडं उकिरड्यावर ओतलं. तेव्हापासून मिक्सर फळीवर गेला अन् मावशी पडवीत आल्या.

* * *

दुसरा किस्सा रेखाचा. पोरगी शिकलेली आहे, म्हणून तिला सगळ्याचं कारण ठाऊक असतं. "काकू, आंब्याचा रस आटवून ठेवतो ना आपण? मग सीताफळाचा गरही उकळून ठेवू. फ्रीजर कशाला पाहिजे?"

ऐकायला बरोबर वाटलं. तिनं घरी जाऊन सासूच्या मोठ्या पातेल्यात गर चढवला. अर्ध्या तासानं तो लालसर झाला अन् चव अशी कडू, की कारल्यानं पाया पडावं.

शमीमभाभीनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "बेटा, ये सीताफल है, तुवर की दाल नहीं! ह्याले आग नाही चालत, ह्याले बरफ लागते."

सासूच्या डोळ्यांसमोर फेकायची सोय नव्हती, म्हणून रेखानं थोडा गाईपुढे ठेवला. गाईनं वास घेतला अन् तोंड फिरवून उभी राहिली. रेखा आजही सांगते, "ती गाय सासूच्याच माहेरची आहे!"

* * *

खरी विद्या मावशींच्या बोटांत. जय भीम घालत दारातून येणार, पदर खोचणार, हात कोपरापर्यंत धुणार अन् परातीपुढे मांडी घालून बसणार. मोठ्या भोकांच्या चाळणीवर गर घ्यायचा अन् तळहातानं गोल गोल फिरवायचा. दाबायचं नाही. "बीले दाबाचं नाही, वंदे. तिले फिरवाचं. जागा भेटली की ते आपोआप सुटते." खाली मऊ गर, वर काळ्या चकचकीत बिया. गर काळा पडू नये म्हणून दोन थेंब लिंबू, अन् लगेच डबा बंद.

डबा कोणाचा हे कळावं म्हणून प्रत्येकीचं रबर वेगळ्या रंगाचं. मावशींचं लाल. अन् त्या रबराला नेहमी दोन पीळ देणार. एक पीळ दिलेलं रबर त्यांना चालत नाही.

नियमही त्यांनीच केला. जिच्या डब्यात बी निघाली, ती परातीवरून उठणार अन् सीझन संपेपर्यंत मोरीवर बसून फळं धुणार. तुम्ही म्हणाल, धुणं काय वाईट? अहो, मोरी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला! परातीभोवती गावाच्या सगळ्या खबरा चालू असतात अन् मोरीवर फक्त नळाचा आवाज येतो. हसण्याचे आवाज ऐकू येतात, पण कशाला हसल्या ते कळत नाही. यापेक्षा मोठी शिक्षा बाईमाणसाला कोणती?

अन् पहिली मोरीवर कोण गेली असेल? मी! मेहकरच्या एका गुरुजींनी माझ्या डब्यातली बी कागदात गुंडाळून, कागदावर "सप्रेम परत" लिहून पाठवली. घर माझं, पडवी माझी, फ्रीजर माझा, अन् मी मोरीवर! मी म्हटलं, "मावशी, एक डाव माफ करा ना." तर म्हणाल्या, "उद्या माह्या डब्यात निघाली त मीबी बशीन. पन मले मोरीवर बसवान तवा समजजा, बुढीचं काम संपलं."

सगळ्या हसल्या. मीही मोरीवरून हसले, थोडं उशिरा.

* * *

एप्रिलमध्ये आमच्याकडे पुण्याची एक पाहुणी आली, ह्यांच्या चुलतभावाची बायको. वाटीत सीताफळ पाहून तिच्या भुवया वर गेल्या. "एप्रिलमध्ये सीताफळ? म्हणजे यात नक्की काहीतरी केमिकल असणार!"

मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "हाव ना बाई, केमिकल हाय त."

"कोणतं?"

"बरफ!"

पाहुणीनं वाटी संपवली, अन् जाताना दोन डबेही नेले.

* * *

अन् डीपी जळाली तो दिवस! सकाळी धाडकन् आवाज झाला अन् अर्ध्या गावाची लाईट गेली. फ्रीजर काठोकाठ भरलेला. सीताफळाचा गोठलेला गर एकदा सुटला की संपलं. मी फ्रीजरच्या झाकणावर गोधड्या टाकून वर स्वतः बसले, जशी काही कोंबडी अंड्यांवर.

शमीमभाभीचे मिस्टर रशीदभाई कुल्फीची गाडी लावतात. ते म्हणाले, "भाभी, आप उठो तो सही!" त्यांनी मेहकरहून बर्फाच्या लाद्या आणल्या, फोडल्या, वर मीठ मारलं अन् कुल्फीच्या पेटीत आमचे डबे गाडून टाकले. एकही डबा सुटला नाही.

फक्त एक घोटाळा झाला. घाईगर्दीत एका म्हाताऱ्या बाबाजींना रशीदभाईंनी कुल्फीऐवजी आमचा डबाच दिला. दुसऱ्या दिवशी बाबाजी हजर. आता भांडण होणार म्हणून रशीदभाईंनी आधीच हात जोडले अन् एक कुल्फी पुढे केली. बाबाजी म्हणाले, "हात कायले जोडून राह्यला बे? कालची कुल्फी दे. आज काऊन काडी लावली तिले?"

* * *

आता शेवटचा किस्सा, यंदाच्या दिवाळीआधीचा. हा मी फार कोणाला सांगितलेला नाही.

यंदा मावशी जरा चुकायला लागल्या होत्या. एकदा दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या साडीला म्हणाल्या, "ये वं, बस ना, उभी काऊन?" आम्ही हसलो. मग एकदा चहाचा कप बशीच्या बाजूला, हवेत ठेवला. तेव्हा कोणी हसलं नाही. मी विचारलं, "मावशी, मोतीबिंदू असेल, बुलढाण्याला जाऊन दाखवू ना?" तर फटकन् म्हणाल्या, "सीजन जाऊ दे. माहे डोये कुठी पयून नाही चालले."

त्यांचा लेक सुरतेला असतो. घरी एकट्याच. सकाळी आमच्या पडवीत येतात तेव्हा त्यांच्या दिवसाला सुरुवात होते, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

अन् एका दुपारी डबे फ्रीजरमध्ये लावताना लाल रबराचा एक डबा हातातून निसटला. झाकण उघडलं, अन् त्यात बी! गराचे धागे चिकटलेली, सरळ सरळ राहून गेलेली बी. मावशींच्या डब्यात!

मला रडूच आलं हो. खोटं कशाला सांगू.

शमीमभाभीनं ती बी उचलून मुठीत झाकली. "किसी ने कुछ नहीं देखा," म्हणाली. रेखानं मान हलवली. तिथेच ठरलं. मावशी दुपारी जेवून घरी झोपायला जातात, तेवढ्या वेळात आम्ही लाल रबराचे डबे उघडायचे, गर परत चाळायचा अन् होतं तसं बंद करायचं. मावशींना मोरीवर बसवणार कोण? कोणाची हिंमत!

आठ दिवस हे चाललं. बिया निघायच्या. कधी एक, कधी दोन. रेखा एकदा म्हणाली, "काकू, ह्या बिया धुतल्यासारख्या काऊन दिसतात? एकीलाही गर चिकटलेला नाही." मी तिच्यावरच डाफरले. "बी ती बी! तिची कुंडली कशाला मांडते? डबा बंद कर."

मग आली साखरपुड्याची मोठी ऑर्डर. त्या दिवशी मावशींनी सकाळपासून एका बैठकीत अकरा डबे भरले अन् दुपारी घरी गेल्या. आम्ही बसलो चाळायला. रेखा झाकणं उघडत होती, शमीमभाभी रबर लावत होती अन् चाळण माझ्याकडे होती. अकरा डब्यांत मिळून चार बिया निघाल्या. ताटलीत ठेवल्या. मी घाम पुसला, म्हटलं, "सुटलो बाप्पा!"

"किती निघाल्या वं?"

दारात मावशी! झोपायला गेल्याच नव्हत्या. रेखानं ताटली पदराखाली घ्यायचा प्रयत्न केला, पण खणखणली ती.

मावशी भिंतीला हात लावत लावत आल्या, खाली बसल्या. ताटली मागून घेतली अन् बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार.

"चारच?"

"चारच हो, मावशी," मी म्हटलं. "होतं असं कधी कधी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मावशींनी एक डबा उचलून रबर चाचपलं. "रबराले एकच पीळ हाय. आठ दिवसांपासून सकाळी पाह्यतो, माह्या डब्यांले एकच पीळ!" शमीमभाभीनं जीभ चावली. "चाळन कोनापाशी होती?"

"माझ्यापाशी."

त्यांनी उठून कोपरापर्यंत हात धुतले, परत येऊन मांडी घातली. एक डबा घेतला, झाकण काढलं, दोन बोटं आत घातली, नाही म्हणून बाजूला ठेवला. दुसरा घेतला. तिसऱ्या डब्यात बोटं एकदाच गोल फिरली अन् वर आली ती बी घेऊनच. काळी, चकचकीत, धुतलेली! ती त्यांनी ताटलीत बाकीच्या चार बियांशेजारी ठेवली.

"पाच टाकल्या होत्या म्या," मावशी म्हणाल्या. "मले दिसत नाही, कबूल. तुले त दिसते ना, वंदे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी परातीपुढे बसल्या अन् मी मोरीवर.