चाचांची गणवेश-परीक्षा

पनवेलच्या निम्म्या पोरांची मापं आमच्या दुकानातल्या चाचांना पाठ होती आणि उरलेल्या निम्म्यांची ते नुसतं मनगट बघून सांगत. लग्न होऊन मी पनवेलजवळच्या सुकापूरला आले, त्याच वर्षी जूनच्या गर्दीपुरती या गणवेशांच्या दुकानात कामाला लागले. चाचा तिथले सर्वांत जुने सेल्समन. ऐन उमेदीत मस्कतला शिवणकाम करून आलेले. गळ्यात टेप असे, पण ती मफलरसारखी. कुणाला लावलेली मी कधी पाहिली नाही. "कपडा आजच्या पोराला विकायचा नसतो, बेटा," ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "दिवाळीनंतरच्या पोराला विकायचा." म्हणून ते आईबापांची उंची बघत, मामा उंच आहे का विचारत, आणि एकदा तर एका आजोबांना त्यांनी चपला काढून भिंतीला टेकून उभं केलं होतं. पहिलीतल्या पोरालाही ते 'साहेब' म्हणत आणि "रंग पसंत आहे ना?" असं विचारत, जणू शाळेने दुसरा पर्याय ठेवलाच होता.

गणवेश अंगावर चढला की परीक्षा सुरू. खाली वाका, पेन्सिल उचला. कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत पळून या. आणि शेवटी, "हात वर करा, उत्तर येतंय असं समजा." हात वर जाताना शर्ट बाहेर निघाला तर शर्ट नापास. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलेली, शेठ गल्ल्यावरून खुणा करताहेत, पण चाचा कुणालाच सूट देत नसत.

एका दुपारी जवळच्या नेरे गावच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी आठवीसाठी पनवेलच्या शाळेत येणार होती. वाकून झालं, पळून झालं, पण हात काही वर जाईना.

"ती वर्गात बोलतच नाय," आई म्हणाली. "सकालपासून बोलते, पनवेलला जायाचं नाय. तिचे बाबा पन बोलतात, नको तर र्‍हाऊ दे घरी. तुमी असाच द्या शर्ट."

चाचांनी शर्ट दिला नाही. स्टूल ओढून ते मुलीसमोर बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या नेऱ्याला आधी भाताची लावणी करतात आणि मग पेरणी, असं ऐकलंय मी."

मुलीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिचा हात सरळ वर गेला. "आधी पेरतात. रोपं आली की मग लावणी."

"खरंच?"

"मी सोता केलीय."

शर्ट सगळाच बाहेर आला होता. "एक नंबर मोठा काढ, बेटा," चाचा मला म्हणाले, आणि उगाचच चष्मा पुसत बसले.

पुढच्या जूनला चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते नसताना ती मुलगी आली, या वेळी एकटीच. मी शर्ट काढू लागले, तर म्हणाली, "चाचा कधी येतील?"

"सोमवारनंतर."

"मग मी तेव्हाच येते." आणि आली तशी नेऱ्याच्या गाडीने परत गेली.

मी चाचांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "शाळेत जाते ना अजून?"

"हो. नववीत गेली."

"बस," ते म्हणाले.

सोमवारी डॉक्टरांची परवानगी नसताना, डोळ्यांवर काळा चष्मा लावून ते दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते.