ऑन टाइम, इन टाइम

धुळ्याच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली नाना इंग्रजी अर्ज टाइप करतात. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. मशीनला हात लावण्याआधी त्यांचं एकच म्हणणं असतं, "काय व्हयनं ते बठ्ठं सांग." म्हणजे, जे झालं ते सगळं.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. एकदा मुद्दाम परीक्षा घ्यावी म्हणून त्यांना ऑन टाइम आणि इन टाइममधला फरक विचारला. नाना मान वर न करता म्हणाले, "ठरल्या वेळेला सुटली तर एसटी ऑन टाइम. ती सुटायच्या आत आपण चढलो तर आपण इन टाइम."

परवा मी सुट्टीनंतर कॉलेजात उशिरा रुजू झाल्याचा खुलासा टाइप करून घ्यायला गेलो. कारण मी रचलेलं होतं आणि कागदावर लिहून नेलं होतं. माझ्या पुढे नरडाण्याच्या कारखान्यातला एक कामगार होता. वीस मिनिटं उशीर झाला म्हणून त्याला नोटीस आली होती.

"नाना, माफीनामा लिखी द्या."

"बठ्ठं सांग."

मग कळलं, तो पोचला तेव्हा गोदामात धूर होता आणि मेन स्विच त्यानेच बंद केला होता.

नानांनी माफी टाइप केलीच नाही. ऑन टाइम नव्हतो, पण इन टाइम होतो, असं एकच इंग्रजी वाक्य टाइप केलं. मग त्याला उभं करून ते तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा तो इतक्या मोठ्याने म्हणाला की कोर्टाच्या पायरीवरचे वकील वळून पाहू लागले. बावीस वर्षं मी हे शब्द फळ्यावर लिहितोय, पण असे कधी ऐकले नव्हते.

"हां सर," नाना माझ्याकडे वळले, "तुमचं काय झालं? बठ्ठं सांगा."

मी माझा कागद घडी करून खिशात घातला.