मांडूळवाले कुजबुजकाका

कुजबुजकाका कोथिंबिरीचा भावसुद्धा कानात सांगायचे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ते आमच्या समोरच्याच दारात राहायचे. जिन्यात गाठायचे, मागेपुढे बघायचे आणि म्हणायचे, "कुणाला बोलू नकोस हं, पण मंडईत आज स्वस्ताई आहे."

औषधांची कंपनी बंद पडून नोकरी गेल्यापासून त्यांना एकदाच काय ते मोठं घबाड हवं होतं. "नोकरीनं माणूस म्हातारा होतो, श्रीमंत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आधी ईमू पाळायच्या एका योजनेत पडले. चालवणारा पळाला, पक्षी शेडमध्ये उपाशी मेले. काकांनी त्यातलं एक पीस आणून शोकेसमध्ये ठेवलं. वंदनाकाकू ते रोज पुसायची आणि रोज चिडायची.

मग मांडूळ आलं. शेपूट तोंडासारखं दिसतं म्हणून ज्याला दुतोंड्या म्हणतात, तो बिनविषारी साप. त्याच्यामुळे गुप्तधन सापडतं अशी लोकांची समजूत, म्हणून चोरून विकतात. पकडलं तर तुरुंग. काकांनी बाथरूममधल्या पिंपात माती घालून ते ठेवलं होतं. मला नेऊन दाखवलं.

"हात लाव ना. थंडगार लागतं. फार गरीब आहे गं."

"काका, सोडून द्या. वाट लागेल तुमची."

"गिऱ्हाईक ठरलंय. एवढं एकच, मग बास."

अडचण वजनाची होती. वजन भरलं तरच गिऱ्हाईक घेणार, आणि मांडूळ काही खाईना. शेवटी सौदा जुळवणारा दलाल सायकलचे छर्रे घेऊन आला. काकांनी मांडुळाचं तोंड उघडून धरलं, दलालानं एकेक छर्रा आत ढकलला. काकू स्वयंपाकघरात मिक्सर चालू करून उभी राहिली. भांड्यात काही नव्हतं.

सकाळपर्यंत मांडूळ मेलं. तरी काका दलालाबरोबर घाटकोपरच्या हॉटेलात गेलेच. साप जिवंत वाटावा म्हणून पिशवीत खाली शेकायची रबरी पिशवी ठेवली होती, आणि टेबलाखाली ते गुडघ्यानं ती हलवत होते. "झोपलंय," ते गिऱ्हाइकाच्या कानात म्हणाले. गिऱ्हाईक वनखात्याचा साहेब निघाला. दलाल हात धुवायला म्हणून उठला, तो गेलाच.

सोसायटी हे सांगून सांगून हसली. मीही हसले. काका जामिनावर सुटले ते निम्मे होऊन. वकिलापायी घर विकलं आणि दोघं बदलापूरला भाड्याच्या खोलीत गेली.

शेवटचे भेटले ते कोर्टाबाहेरच्या टपरीवर. तारखेला आले होते. मी चहा सांगितला. त्यांनी ग्लास हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"सगळे विचारतात, कुठून आणलंस, कुणाला विकणार होतास," ते म्हणाले. "रात्रभर मांडीवर घेऊन बसलो होतो गं. माझ्या हातात मेलं ते. हे कुणी विचारतच नाही."

खटला उभा राहायच्या आत काका गेले. पुढच्या तारखेला काकू एकटीच मृत्यूचा दाखला घेऊन कोर्टात गेली.

"वाटलं होतं, जजसाहेब काहीतरी बोलतील," तिनं मला फोनवर सांगितलं. "त्यांनी कागद बघितला, बाजूला ठेवला. मग शिपायानं पुढचं नाव पुकारलं."