कोरडी पिशवी

आमच्या घरात कर्त्या बायका दोन, आणि राग दोघींच्याही नाकावर. माझ्या सासूबाई आर्णीतल्या आमच्या वस्तीत लग्नं लावतात. बुद्धविहारात वंदना असो, कुणाच्या बाळाचं नामकरण असो, पांढरी साडी नेसून त्या पुढे उभ्या राहिल्या की शेवटच्या रांगेतली कुजबुजसुद्धा बंद होते. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझाही आवाज काही कमी नाही. पण आई, म्हणजे सासूबाई, बोलायला लागल्या की मी गप्प बसते. आपलं कुणाला ऐकूच येणार नसेल तर बोलून काय उपयोग!

हिवाळ्यात तो आवाज तुटायला लागला. एक ओळ म्हणायच्या, थांबायच्या, तोंड उघडून श्वास घ्यायच्या. विहारातल्या बायका समजूतदारपणे पुढची ओळ उचलायच्या आणि त्या समजूतदारपणाचा आईंना भयंकर राग यायचा. यवतमाळला दाखवलं तेव्हा कळलं की हृदय थकलं आहे, म्हणून फुफ्फुसाभोवती पाणी साचतं. गाठ नाही, क्षय नाही, हे ऐकून आम्ही जरा सावरलो. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून पाणी काढलं की काही दिवस बरे जायचे आणि मग छाती पुन्हा भरायची. पुन्हा एसटी, पुन्हा रांग, पुन्हा सुई.

आणि माझ्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात ठरलेलं. पहिल्या नातीचं लग्न आपणच लावणार, हे आईंनी ती पाळण्यात असतानाच जाहीर करून टाकलं होतं. दुसऱ्या कुणी लावलं तर मांडवात पाय ठेवणार नाही, हेही. लग्न लावायचं म्हणजे वंदना म्हणायची, नवरा-नवरीला शपथ द्यायची, शेवटी मंगल गाथा म्हणायच्या, सगळं उभ्याने. त्यांना तेव्हा स्वयंपाकघरातून समोरच्या खोलीत येतानाही भिंत धरावी लागत होती. "लग्नाले बरी होईन मी," असं म्हणायच्या, पण तेही दोन तुकड्यांत.

अशात डॉक्टरांनी एका वैद्यकीय अभ्यासाबद्दल सांगितलं. काही रोग्यांना नेहमीसारखी सुई लावायची, काहींच्या बरगडीतून एक बारीक नळी घालून ती तशीच ठेवायची आणि पाणी घरच्या घरी पिशवीत काढायचं. दोहोंतलं कुठलं जास्त चांगलं, ते पाहायचं. कुणाला काय मिळणार, ते कॉम्प्युटर ठरवणार.

"म्हंजे तुमालेच माहीत नाही कोणतं बेस हाये ते?" आईंनी विचारलं.

"नाही ना आजी. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

मला वाटलं, आता या उठून चालायला लागतील. उलट त्यांचा चेहरा खुलला. "पह्यला डॉक्टर पाह्यला म्या, माहीत नाही म्हननारा. आन इकडे तो सहीचा कागद." मी त्यांना सगळं नीट वाचून दाखवलं, मधेच सोडायचं असेल तर सोडता येतं, तेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि ठसठशीत सही केली. कॉम्प्युटरने नळी दिली.

नळी बसल्यावर घरात जीव आला. आठवड्यातून दोनदा यवतमाळहून अभ्यासाच्या सिस्टर यायच्या. मुकुटबनच्या, माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या, बोलायला मोकळ्या. नळीला पिशवी जोडायची, पाणी काढायचं, किती आलं ते पाहून मोबाइलवर कळवायचं, हे त्यांचं काम. मधेच दम लागला तर घरच्यांनी काढावं म्हणून त्यांनी मला आणि सासऱ्यांना, बाबांना, सगळं शिकवलं होतं. हात कसे धुवायचे, हातमोजे कसे घालायचे, नळीचं टोक कुठेही कसं लागू द्यायचं नाही. जादा पिशव्या कपाटात ठेवल्या होत्या. वापरलेल्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात टाकायच्या आणि तो डबा महिनाअखेरीला सिस्टर नेणार.

मी एकदम पाठ करून तयार होते. पण आईंनी मला हात लावू दिला नाही. "तुले शाळा हाये, पोरीचं लग्न हाये. हे करतीन." हे म्हणजे बाबा, ज्यांना आयुष्यात शर्टाचं बटण लावता आलं नाही. मला राग आला, आणि रागाखाली वाईटही वाटलं. इतक्या वर्षांत या बाईने माझ्यासमोर कधी डोकं दुखतं असंसुद्धा म्हटलेलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "बरं हाये."

सिस्टर मात्र घरच्याच झाल्या, किंवा मला तसं वाटलं. त्या येणार म्हटलं की आई सकाळी उठून पायरी पुसायला लावायच्या, नवी चादर घालायच्या, एकदा तर त्यांच्यासाठी कढीगोळे करायला मला सुट्टी घ्यायला सांगितलं. आणि मग एक दिवस सिस्टर म्हणाल्या की पिशवीत जवळजवळ काही आलंच नाही. पुढच्या खेपेलाही तेच.

"आजी, अजून एकदा असंच कोरडं निघालं ना, तर आतले पडदे चिकटले समजाचं, पानी साचाले जागाच नाही. मंग डॉक्टर नळी काढून टाकते. सुटल्या तुम्ही."

आई हसल्या, मी तर नाचायचीच बाकी होते. शाळेत पेढे वाटले. नागपूरला नोकरीवर असलेल्या नवऱ्याला फोनवर सांगताना रडलेसुद्धा. एकच गोष्ट खटकत होती. भेटीच्या दिवशी छान दिसणाऱ्या आई भेटीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा भिंत धरत होत्या. "थकल्या असतील," असं मीच माझं समाधान केलं.

ज्या भेटीत नळीचं ठरणार होतं, त्या आठवड्यात आमची शाळा सकाळची झाली. त्यामुळे सिस्टर यायच्या आधीच मी घरी पोचले. दार ढकललं तर मागच्या खोलीत बाबा हातमोजे काढताहेत आणि भरलेली पिशवी डब्यात टाकताहेत. आई नव्या चादरीवर केस विंचरून बसलेल्या.

"हे काय?"

बाबांनी डब्याचं झाकण लावलं आणि डब्यासमोर उभे राहिले, जणू त्याने डबा दिसायचा बंद होणार होता.

"काढलं पानी," आई म्हणाल्या. "ते पोरगी येवढ्या दुरून येते. आल्यावर तिले घान काढाले लावाचं का? पाहुनी हाये ते. चहा पेईन, पिशवी लावन, जाईन."

"दर वेळी?"

"मंग का. पह्यल्या दोन-चार खेपा नाही सुचलं, त्याचीच लाज वाटते मले."

पाहुणी यायच्या आधी घर झाडून ठेवावं, तशी ही बाई आपली छाती झाडून ठेवत होती. आणि आम्ही पेढे वाटत होतो. आता तासाभरात सिस्टर येणार, पिशवी कोरडी दिसणार, नळी निघणार, आणि लग्नापर्यंत छाती पुन्हा तुडुंब भरणार. मी हे सगळं ओरडूनच सांगितलं. बाबांना कळलं, ते डब्यासमोरून बाजूला झाले. आईंनाही कळलं, पण मान्य कोण करणार?

"बोलली काहून नाही तू मले, कोरडं निघालं तं नळी काढते म्हनून?"

"सिस्टर तुमच्या तोंडावर बोलल्या!"

"मले वाटलं, कौतुक करून राह्यली."

"आता मी त्यांना खरं सांगणार."

"सांगशीन तं पाह्य. पाहुनीसमोर माह्यी इज्जत घालवते का?"

"घालवते," मी म्हणाले. "इज्जतीवर लग्न लावता येत नाही, त्याला श्वास लागतो."

सिस्टर आल्या तेव्हा आम्ही तिघं तीन दिशांना तोंड करून बसलो होतो. मी डब्याचं झाकण उघडून दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते कोरडे आकडे रद्द, काय घडलं ते जसंच्या तसं नोंदवायचं, नळी राहू द्यायची, असं ठरलं. आई भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होत्या.

"आजी, मी पाहुनी नाही व," सिस्टर म्हणाल्या. "पानी मोजाले येते मी. तुम्ही माह्यं कामच करून ठेवता."

पाहुणीकडून ही सेवा घ्यायची नाही, हे आईंचं पक्कं होतं, आणि ते कुणाच्या बापाला हलवता आलं नसतं. मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. "तुही माय हाये का?" त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, नाही, लहानपणीच गेली. "मंग आजपासून तू माह्यी लेक. लेकीची लाज नाही."

झालं. पण लेक म्हटली की साडी आली. सिस्टरांनी हात जोडले, अभ्यासातल्या घरून काही घ्यायचं नाही असा नियम असल्याचं सांगितलं. आई नियमावर घसरल्या. शेवटी काम आटोपल्यावर त्यांनी सिस्टरांना पुढ्यात बसवलं आणि डोक्याला खसखसून तेल लावून दिलं. "याले तं कोन्या डॉक्टरची परवानगी नाही लागत न?" त्यानंतर दर भेटीला आधी पिशवी, मग तेल, मग चहा. सिस्टरांना त्या काय काय सांगायच्या! रात्री कुशीवर झोपवत नाही, न्हाणीत खाली बसलं की जीव जातो. मी दारात उभी राहून ऐकायची. बरं वाटायचं आणि जळायचीही, खोटं कशाला बोलू? लेक व्हायला त्या मुलीला एक दुपार लागली होती.

लग्नाच्या सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा मांडवात पाहुण्यांना पाणी विचारत होते, सिस्टर यवतमाळहून निघाल्या होत्या. मी नवरीचा हार शोधत असताना आईंनी मागच्या खोलीतून हाक मारली. पांढरी साडी नेसून खाटेवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून.

"दार लाव."

मी लावलं.

"लय दम लागून राह्यला मले," त्या म्हणाल्या. "रातीपासून. तूच काढ."

बोलले असते तर रडले असते, आणि डोळे पुसलेल्या हातांनी नळीला हात लावता येत नाही. हात धुतले, हातमोजे घातले. त्यांनी स्वतः पदर बाजूला केला आणि कूस माझ्याकडे केली. पाणी पिशवीत उतरायला लागलं, आणि माझ्या हाताखाली त्यांचा श्वास हळूहळू लांब होत गेला.

"किती आलं?"

"पुष्कळ."

"कोनाले सांगू नोको." मग जरा थांबून, "त्या पोरीले सांग. नाही तं तिचं मोजनं चुकन."

मांडवात त्या उभ्या राहिल्या. वंदना झाली, शपथ झाली, मंगल गाथा सुरू झाल्या. मी प्रत्येक ओळीला त्यांच्याबरोबर श्वास धरत होते आणि दर वेळी आधी माझाच सुटत होता. त्यांचा नाही. लेकीच्या गळ्यात हार पडला तो मी पाहिलाच नाही, मी आईंच्या बरगड्यांकडे बघत होते. शेवटची ओळ संपली, सगळ्यांनी फुलं उधळली. माझी मूठ तशीच मिटलेली होती.

"टाक न वं फुलं," आई भर मांडवात माझ्यावर खेकसल्या, "तुह्याच लेकीचं लग्न लावून राह्यलो न आपन दोघी."