देवराईतला भेरली माड

लग्नाच्या पंगतीनंतर विडा हातात आला की बाकीचे तो तोंडात टाकायचे. आमचे मास्तर तो उलगडायचे, पान पालथं करायचे आणि त्याच्या शिरा बघत बसायचे. सुपारी मांडीवर सांडायची आणि यजमानाला वाटायचं, विड्यात काही खोट निघाली. मग मास्तर ते पान जमेल तसं पुन्हा गुंडाळत म्हणायचे, "पानावरून नुसता अंदाज बांधता येतो हो. ओळख पटते ती फुलावरून."

मुरबाडच्या शाळेत ते सृष्टिज्ञान शिकवायचे आणि मी चित्रकला. या दोन्ही विषयांना तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं, म्हणूनच आमची जोडी जमली असावी. ते मूळचे शहापूरकडचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. एका खोलीत राहायचे, आणि त्या खोलीत अंथरूण सोडून सगळीकडे वाळत घातलेली पानं. सुट्टी लागली की माझ्या दारात हाक यायची, "चला, जरा पाय मोकळे करून येऊ." पाय मोकळे करणं म्हणजे दिवसभर घाटाच्या चढावर तंगडतोड. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे स्वतःच्या वेडापायी दुसऱ्याचे गुडघे झिजवतं.

घाटमाथ्याच्या ऐन खाली, जिथे धुकं दुपारपर्यंत हलत नाही, तिथे एका वाडीची देवराई आहे. त्या गर्द झाडीत मास्तरांना एक भेरली माड दिसला. भेरली माड आपल्याकडे कोणी पाहिला नाही? माशाच्या शेपटीसारखी पानं, लग्नाच्या मांडवाला झावळ्या लावतात तोच. पण हा खोडाने बारीक होता आणि पानांच्या फाका अरुंद होत्या. मास्तरांचं म्हणणं, ही जातच वेगळी, अजून कोणत्या पुस्तकात आलेली नाही. मला दोन्ही माड सारखेच दिसायचे. चित्र काढायला बसलो की मात्र हात अडखळायचा.

मास्तरांनी पानांचं चित्र पुण्याला एका जाणकारांकडे पाठवलं. उत्तर आलं, चित्रावरून जात ठरत नाही; फूल पाठवा, तेही खऱ्या झाडाचं, कापून वाळवलेलं. मास्तर खूश झाले, कारण त्यांचं स्वतःचंच म्हणणं त्यांना परत आलं होतं.

या झाडाचं एक दुखणं आहे. ते फुलायला लागतं तेच मुळी म्हातारपणी. पहिला घोस शेंड्याशी लोंबतो, मग वर्षागणिक खाली खाली येतो, आणि बुंध्याजवळचा घोस झाला की झाड मरतं. देवराईतल्या माडाला शेंड्याशी घोस दिसला, तेव्हा मास्तर टोपी काढून उभे राहिले.

पण देवराईतलं वाळकं पानसुद्धा कोणी उचलत नाही. सगळं देवाचं. पूजा करणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं, "देवाला इचारू. त्यो हो म्हनला तर न्या." त्याने देवाच्या दगडाला ओल्या तांदळाने दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही बसून राहिलो. डावी पडली.

"मास्तर, देव नाय म्हनतो. आमी काय करनार?"

"नाही तर नाही, बाबा. पुढच्या शिमग्याला विचारू." हेडमास्तरांनी रजा नाकारल्यावर बोलावं, तसे ते बोलले.

उतरताना मी चिडून विचारलं, "तुमचा देवावर विश्वास तरी आहे का?"

"नाही."

"मग?"

"त्यांचा आहे ना. आणि झाड त्यांचं आहे."

जंगलखात्यातला एक ओळखीचा गार्ड म्हणाला, मी कापून आणतो, मला कोण अडवतो? मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. खाली गळलेली फुलं तेवढी ते पालथे पडून भिंगातून बघायचे. अंगाला मुंग्या डसायच्या. मी म्हणायचो, एक खिशात टाका, देव काय खिसे तपासतो? ते भिंग पुसत म्हणायचे, "फुलासोबत ते कसं मिळालं हेही लिहावं लागतं. चोरून आणलं असं लिहू?" फुलं पाहून त्यांची खात्री पटली होती. दुसऱ्या कोणाची पटवायला हातात काही नव्हतं.

शिमगे येत राहिले आणि डावी कळी पडत राहिली. लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या ग्यासवर चालायला लागल्या, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायच्या. हिवतापाच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या, आणि मास्तरांना हिवतापाने धरलं तो सोडेना. घोस खाली खाली येत होता आणि मास्तरही वाळत होते. एकदा अर्ध्या चढावर दगडावर बसले आणि म्हणाले, "दमलो हो." त्यानंतर ते वर गेले नाहीत.

एका सकाळी देवराईचा म्हातारा काठी टेकत मुरबाडला आला. डोक्यावर पानांत गुंडाळलेलं लांबलचक ओझं. अंथरुणाशी ते ठेवून म्हणाला, "घ्या मास्तर. देवानं दिलं एकदाचं."

भेरली माडाचा घोस होता. मास्तर कसेबसे उठून बसले, दोन्ही हातांनी त्यांनी तो घेतला. बोटांनी टोकापर्यंत चाचपला आणि तिथे थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "हेच हवं होतं, बाबा. फार उपकार झाले." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चहासुद्धा न घेता तो मोठ्या समाधानाने परत गेला.

मी कागद शोधायला धावलो. मास्तर म्हणाले, "घाई नको. हे टोक बघा." टोकाला कोयत्याचा सपाट काप होता, वर दोरी आवळल्याचा वळ. माडी काढणाऱ्याचं काम. देवराईत कोण माडी काढतो? घोस पायथ्याच्या गावातला होता, नेहमीच्या भेरली माडाचा.

"मग त्याला सांगितलं का नाही?" मी ओरडलोच.

"काय सांगू? या वयात घाट उतरून आला. त्याने देवालाही राखलं आणि मलाही राखलं. त्याच्या लेखी माड तो माड." मग म्हणाले, "वाळवा तुम्ही. जागा पायथ्याचीच लिहा. नाव नेहमीचं." आणि भिंतीकडे कूस वळवली. मला इतका राग आला होता की रडूही येईना.

त्या पावसाळ्यात मास्तर गेले. पुढच्या शिमग्याला मी एकटा वर गेलो, निदान म्हाताऱ्याला कळवावं म्हणून. तो डोक्याला हात लावून खाली बसला. मग विचारलं, "पन त्यांचं काम झालं ना? त्या फुलानं?"

"झालं, बाबा."

"बरं झालं. माज्या जिवाला लागलं होतं."

तो मला माडाकडे घेऊन गेला. शेंडा वाळून काळा पडला होता, आणि शेवटचा घोस माझ्या छातीशी लोंबत होता, अख्खा फुललेला, मधमाश्यांनी भरलेला. "ह्यो शेवटला," म्हातारा म्हणाला. "काम झालंय, म्हून यंदा देवाला इचारलं नाय."

मी तोंड उघडलं. एकदा विचारून बघा, एवढंच म्हणायचं होतं. कोण जाणे, या खेपेला उजवी पडली असती. पण आता फूल मागायचं म्हणजे त्याने आणलेलं फूल वाया गेलं हे त्याला सांगायचं. त्या सकाळी ‘हेच हवं होतं’ म्हणताना मास्तरांनी काय सोडून दिलं, ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

"चला, पेज पिऊन जा," म्हातारा म्हणाला. मी त्याच्या मागून वाडीकडे चालू लागलो.